मागच्या गाडीचा ब्रेक

६ मे

घर विकलं गेलं. आज सह्या झाल्या. जूनच्या विसाव्या तारखेला किल्ल्या द्यायच्या. घेणारं जोडपं तरुण आहे. बाई परसातल्या रूबार्बच्या आंबट, लाल देठांकडे अशी बघत होती की मला वाटलं, आत्ताच उपटून नेते की काय.

डेल्मर सही करताना कागदावर इतका वाकला की नाक टेकलं. मी म्हटलं, "वास घेतोयस का सहीचा?" त्यावर सगळे हसले. तो नाही हसला.

आता आमचं घर म्हणजे अंगणात उभं असलेलं ते मोटारहोम. मी त्याला घरगाडी म्हणते. दोन पलंग, शेगडी, न्हाणी, आणि मागे डिझेलचं इंजिन. गेल्या शरद ऋतूत डेल्मरने स्वतः चालवत आणली ती. एक जुलैपासून ब्लॅक हिल्सच्या डोंगरांतल्या एका प्रवासी तळावर आम्हाला उन्हाळाभराचं काम मिळालंय. येणाऱ्या प्रवाशांना जागा दाखवायच्या, सरपण विकायचं, भांडणं सोडवायची. घरगाडी एकदा तिथे रोवली की जागची हलणार नाही, म्हणून छोटी जीप मागे बांधून न्यायची. टोचन करून. चारी चाकं जमिनीवर.

आणि इथेच पहिली ठिणगी. मी म्हटलं, मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक हवा. पुढची थांबायला लागली की मागचीही तिच्याबरोबर थांबली पाहिजे, नाहीतर उतारावर ती आपल्याला ढकलत नेईल.

डेल्मर म्हणाला, "बघू."

त्याचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय.

१० मे

शेजारचा वर्न बर्डेट कुंपणावर रेलून तासभर बोलला. तो वर्षानुवर्षं बिनब्रेकाची गाडी ओढत फिरतोय.

"नडीन, तुझ्या त्या रणगाड्याला कळणारसुद्धा नाही मागे काय आहे ते," तो म्हणाला.

"रणगाड्याला नाही कळलं तरी घाटाला कळतं, वर्न."

"मला आजवर काही झालंय का?"

"तुला नाही झालं. तुझी बायको मात्र प्रत्येक घाटात डोळे मिटून बसते. तिनेच सांगितलंय."

मग वर्नने डेल्मरला हाक मारली. डेल्मर पायऱ्यांवर बसला होता, समोरच, पण वर्नचा आवाज ऐकेपर्यंत त्याने त्याला ओळखही दाखवली नाही. हल्ली हे फार झालंय. माणसं समोर येतात आणि हा भिंतीसारखा बसून राहतो. मी विचारलं तर म्हणाला, "विचारात होतो."

माझ्याशी बोलतानाही तो माझ्याकडे बघत नाही. माझ्या कानाकडे बघतो. इतकी वर्षं सोबत काढल्यावर आता तोंड बघवत नसेल तर तसं सांगावं सरळ.

१५ मे

रिव्हरटनला घरगाड्यांच्या सामानाच्या दुकानात जाऊन आले. एकटीच. डेल्मर म्हणाला गुडघा दुखतोय. मग त्याच गुडघ्याने चालत टपाल कचेरीत गेला आणि परत आला. पूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानातही पिकअप घेऊन जाणारा माणूस आता सगळीकडे चालतो. तब्येतीला चांगलं आहे म्हणा.

दुकानाची मालकीण योलांडा आर्चुलेटा. आवाज मोठा, हातात सतत खारे शेंगदाणे. तिने मला तीन तऱ्हा दाखवल्या.

पहिली, पेटी. चालकाच्या आसनापुढे जमिनीवर ठेवायची, तिचा हात ब्रेकच्या पायडलला अडकवायचा. गाडीला हिसका बसला की पेटी पायडल दाबते. बसवायला सोपी, पण दर वेळी लावा, दर वेळी काढा, बारीक बटणं फिरवून जोर ठरवा.

दुसरी, जोडदांड्यातच ब्रेक. मागच्या गाडीने पुढे रेटा दिला की त्या रेट्यानेच तिचा ब्रेक लागतो. साधी, पण मला पटली नाही. आधी ढकलून घ्यायचं आणि मग थांबवायचं, हे कसलं शहाणपण?

तिसरी, हवेची. आमच्या घरगाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. त्याच हवेची एक नळी मागे जीपमध्ये न्यायची. मी पुढे जितका पाय दाबेन तितकीच हवा मागे जाणार, आणि तितकाच जीपचा पायडल खेचला जाणार. एकदा बसवली की कायमची. शिवाय तिन्हींत एक सोय आहेच: समजा जोड तुटून जीप सुटली, तर एक बारीक तार ओढली जाऊन तिचा ब्रेक आपोआप लागतो आणि ती जागच्या जागी उभी राहते.

"हवेच्या ब्रेकची सवय आहे का तुमच्या घरात कुणाला?" योलांडाने विचारलं.

"मी शाळेची बस चालवायचे," मी म्हटलं. "निवृत्त होईपर्यंत. बर्फात, पोरांच्या आरडाओरड्यात."

ती शेंगदाणा चघळायची थांबली. "मग चालवणार तुम्हीच?"

"छे! चालवणार नवरा. मी शेजारी बसून नकाशा बघणार."

हे मी इतक्या पटकन बोलले की नंतर वाटेत आठवून जरा चमत्कारिक वाटलं. पण खरंच आहे ते. आमच्या घरात मोठं वाहन डेल्मरचं. बस होती ती शाळेची. आणि निवृत्त झाले त्या दिवशी मीच जाहीर केलं होतं की यापुढे जीपहून लांब काही चालवणार नाही.

१६ मे

डेल्मरला माहितीपत्रकं दिली. म्हणाला, "तू वाच ना. तुझा आवाज ऐकायला बरा वाटतो."

मी खूश होऊन मोठ्याने वाचली. आणि त्याने एकेक मोडीत काढली. पेटी नको, कारण रोज वाकून ती बारीक बटणं कोण फिरवणार. दांडा नको, कारण मला नको. हवेची नको, कारण चांगल्या जीपला भोकं पाडायची.

"मग हवं काय तुला?"

"घाई कशाला? पुढच्या वर्षी नवीन काहीतरी निघेल."

"पुढच्या वर्षी? घर विसाव्या तारखेला जातंय, डेल!"

त्याने कॉफी ओतली. कप भरून बशीत आली, बशी भरून टेबलावर आली, तरी त्याचं ओतणं चालूच. मी ओरडले तेव्हा थांबला. म्हणाला, "लक्ष नव्हतं."

लक्ष नाहीच त्याचं. ना कॉफीत, ना प्रवासात, ना माझ्यात.

२४ मे

कोरीनचा फोन. लेक आमची, पण बोलते मुख्याध्यापकासारखी.

"आई, बाबांना बरं आहे ना?"

"बरा आहे. नुसता आडमुठेपणा वाढलाय."

"मागच्या आठवड्यात मी त्यांना बाळाचा फोटो पाठवला. ते म्हणाले छान आहे, अगदी तुझ्यासारखी. आई, तो कुत्र्याचा फोटो होता. चुकून गेला होता माझ्याकडून."

मी खूप हसले. म्हटलं, "तुझे बाबा फोटो बघतच नाहीत, नुसतं 'छान' म्हणून टाकतात. माझ्या केसांचंही तसंच करतात." कोरीन हसली नाही. म्हणाली, "मी त्यांच्याशी बोलते."

बोलली असेल तर मला त्यातलं काही कळलं नाही. संध्याकाळी मात्र आमचं जोरदार भांडण झालं. मी म्हटलं, ब्रेक हे निमित्त आहे, तुला जायचंच नाहीये. घर विकल्याचा पस्तावा होतोय तुला, आणि बहुतेक माझ्याबरोबर एवढ्याशा खोलीत राहायची भीती वाटतेय.

तो माझ्या कानाकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "तसं नाही, नडीन."

"मग कसं?"

"तसं नाही एवढंच."

आणि बाहेर जाऊन घरगाडीत एकटाच बसला. खिडकीतून दिसत होतं, चालकाच्या आसनावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिवे बंद. मी खिम्याचा मीटलोफ ओव्हनमध्ये ठेवून दिला आणि जेवायला बोलावलं नाही. नंतर बोलावलं.

२ जून

ठरवलं. कुणालाही न विचारता.

सकाळी योलांडाला फोन केला: हवेचा ब्रेक, जोड तुटल्यावर जीपला थांबवणारी तार, आणि पुढे चालकासमोर एक छोटा दिवा, मागचा ब्रेक लागला की पेटणारा. हा दिवा मला हवाच होता, कारण मागची गाडी ब्रेक धरून बसली आणि आपल्याला कळलंच नाही तर चाकं तापून पेट घेतात. वर्न म्हणतो त्यापेक्षा बिनब्रेकाची बरी. मी म्हटलं त्यापेक्षा कळलेलं बरं.

मग डेल्मरला सांगितलं. मला वाटलं आता आकाश कोसळणार. तो नुसता म्हणाला, "हवेचाच घेतलास?"

"हो. मला कळतो तो. त्याचा आवाज ओळखीचा आहे."

"हं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "चांगलं केलंस."

एवढंच. पण मला बसचा पहिला परवाना मिळाला होता त्या दिवशीसारखं वाटलं. संध्याकाळी दोघांसाठी गोड पाई भाजली, परसातला शेवटचा रूबार्ब घालून. त्या तरुण बाईला मुळं ठेवलीत.

११ जून

योलांडाचा माणूस हत्यारं घेऊन घरी आला आणि दिवसभर काम केलं. खरं तर घरगाडी तिच्या दुकानात न्यायची होती, पण डेल्मरने हट्ट धरला की कुठे न्यायची नाही, माणूसच बोलवा. मी विचारलं का, तर म्हणाला टायर झिजतात. सबंध देश फिरायला निघालेला माणूस रिव्हरटनपर्यंत टायर झिजतात म्हणतो!

मी स्वतः खाली सरपटून प्रत्येक नळी बघून घेतली. वर्न कुंपणावरून बघत होता.

"काय गं, पास केलंस का?"

"केलं. तुझ्या गाडीलाही येऊ का बघायला?"

"माझ्याखाली बघायला काही नाहीच आहे."

"तेच म्हणतेय मी केव्हापासून."

कुंपणापलीकडून त्याची बायको एवढ्या जोरात हसली की वर्न घरात गेला.

डेल्मर मात्र जीपच्या बॉनेटवर तळहात ठेवून बराच वेळ नुसता उभा होता. निरोप घेतात तसा.

२० जून, बफेलो

आज लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

सकाळी किल्ल्या दिल्या. घर रिकामं. वर्न आणि त्याची बायको फाटकाशी उभे, नवं जोडपं पायऱ्यांवर. जीप मागे जोडलेली. मी कॉफीचा थर्मास घेऊन घरगाडीच्या दाराशी आले, तर डेल्मर आधीच आत. चालकाशेजारच्या, उजव्या आसनावर. माझ्या. पट्टा बांधून.

"चुकलास," मी म्हटलं. "तुझी जागा पलीकडे."

तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "नडीन, मला मधलं दिसत नाही."

"मधलं काय?"

"जिथे बघेन तिथे मधोमध धूसर डाग. बाजूचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं तर तुझा चेहरा जातो. कानाकडे बघितलं तर थोडा दिसतो."

मी थर्मास घट्ट धरून उभी राहिले. तो सांगत गेला. हिवाळ्यात कॅस्परला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता, मला दातांचं कारण सांगून, वर्नच्या गाडीतून. डॉक्टर म्हणाले, पूर्ण आंधळा होणार नाही, पण वाचणं आणि गाडी चालवणं संपलं.

"तू या असल्या डोळ्यांनी चालवलीस गाडी?"

"कळल्यापासून स्टिअरिंगला हात लावला नाही. रात्री अंगणात बसायचो तेवढाच. इंजिन बंद असायचं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू घर विकायला काढलं होतंस. इतकी खूश होतीस. म्हटलं, सांगितलं तर तू सगळं रद्द करशील आणि उरलेला जन्म मला सूप भरवत बसशील."

मला इतका संताप आला की मी परत त्या रिकाम्या घरात गेले. नवी बाई दारातून बाजूला झाली बिचारी. ओट्याशी उभी राहिले. सगळं एकेक करून समोर आलं: कॉफी, टपाल कचेरी, कुत्र्याचा फोटो, 'तुझा आवाज ऐकायला बरा वाटतो'. मी त्याला आडमुठा म्हणत होते. कोरीनला लांबून कळलं आणि मला समोर बसून नाही. वर्नलासुद्धा कळलं होतं! रडले की नाही ते लिहीत नाही.

मग बाहेर आले. डेल्मर तसाच बसलेला, हात मांडीवर.

"म्हणजे तो बिचारा ब्रेक," मी म्हटलं. "पेटी वाईट, दांडा वाईट, भोकं पडतात. सगळं पाप तू त्या ब्रेकवर ढकललंस!"

"काहीतरी खोड काढायलाच हवी होती."

"आणि मी तो घेऊनच टाकला तेव्हा?"

"तू म्हणालीस ना, मला कळतो तो, त्याचा आवाज ओळखीचा आहे. तेव्हा डोक्यात आलं, की अरे, ही चालवू शकते. मी इतके महिने फक्त मी चालवू शकत नाही एवढाच विचार करत होतो."

मी चालकाच्या आसनावर बसले. आसन पुढे घेतलं, आरसे माझ्या उंचीला लावले. इंजिन सुरू केलं. हवेचा दाब चढताना जो आवाज होतो तो ऐकला आणि माझे खांदे आपोआप खाली आले. हात, पाय, कान, सगळं जागच्या जागी होतं.

"पट्टा बांधलाय," डेल्मर हळूच म्हणाला. "मी काही खोड्या करणार नाही, बाई."

"दंगा केलास तर वाटेत वर्लंडला उतरवीन."

फाटकातून बाहेर पडताना वर्नने टोपी काढून हलवली. त्याला नंतर बघून घेईन.

टेन स्लीप घाटाचा चढ व्यवस्थित पार झाला. वर बिगहॉर्न डोंगराच्या माथ्यावर कडेला अजून बर्फ होता. मग बफेलोच्या बाजूचा उतार लागला. लांब, वळणावळणाचा. मी खालच्या गिअरमध्ये घेतली, पाय अधूनमधून दाबायचा आणि सोडायचा, बसमध्ये करायचे तसं. दर वेळी तो छोटा दिवा पेटायचा, विझायचा. मागून ढकलल्यासारखं कुठे म्हणून वाटलं नाही.

एका वळणावर डावीकडे कडा होता, पुढचं काही दिसत नव्हतं. वळण संपलं आणि समोर सबंध रस्ता भरून गुरं.

उन्हाळी कुरणावर चढवत होते. काळी गुरं, कासरे नाहीत की काही नाही, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वासरं पोटाशी घेऊन, आणि मध्ये दोन-तीन घोडेस्वार. उजवीकडे दरी.

मी पाय दाबला. घाबरून आपटला नाही. दाबला, आणि दाबतच नेला. दिवा पेटला. सबंध गाडी पुढे वाकली, कपाटातली ताटं खणखणली, थर्मास घरंगळत माझ्या पायापाशी येत होता तो डेल्मरने आवाजावरून पाय घालून अडवला. आणि मागून काहीही आलं नाही. ढकल नाही, हिसका नाही, मागची बाजू वाकडी जाणं नाही. जीप अगदी शहाण्या पोरीसारखी माझ्याबरोबर थांबली. पहिल्या गाईच्या नाकासमोर, एवढ्या अंतरावर की तिने काचेवर श्वास सोडला असता तर वाफ धरली असती.

सगळं शांत झालं. मग ब्रेकमधून हवा सुटल्याचा तो सुस्कारा आला. तो ऐकून मीही सुस्कारा सोडला.

एक पिकल्या मिशांचा स्वार खिडकीशी आला. "मागे घ्या जरा, म्हणजे वाट देतो."

"मागे जाता येत नाही हिला. मागे गाडी बांधलीय, उलटी घेतली की वाकडी होते."

त्याने मान लांब करून जीप बघितली. "हे एवढं ओढत घेऊन या उतारावर थांबलात तुम्ही?"

"थांबले ना."

"मला वाटलं होतं आता माझा घोडा आणि मी थेट दरीत." मग डेल्मरकडे बघून म्हणाला, "नशीबवान आहात राव."

"माहीत आहे मला," डेल्मर म्हणाला.

मग स्वाराने शीळ घातली आणि गुरं दोन्ही बाजूंनी वाहायला लागली. आमच्या खिडक्यांखालून, घासत, हंबरत. घरगाडी होडीसारखी हलत होती. डेल्मरने खिडकी उघडून हात बाहेर सोडला आणि जाणाऱ्या पाठींवरून फिरवत राहिला. तोंड सरळ पुढे, माझ्या बाजूला नाही, त्यांच्या बाजूला नाही.

"दिसतायत मला," तो म्हणाला. "कडेने दिसतायत. ही काळी. ही पांढऱ्या तोंडाची. हिच्याबरोबर वासरू आहे. बरोबर?"

"बरोबर."

शेवटची गाय जाईपर्यंत तो सांगत होता आणि मी बरोबर म्हणत होते. एकदा चुकला, लाल वासराला काळं म्हणाला. मी तसं स्पष्ट सांगितलं. "बरं, लाल," तो म्हणाला आणि पुढे मोजायला लागला.

बफेलोला पोचल्यावर पावासारखी गरम बिस्किटं आणि ग्रेव्ही, दोघांनी दोन-दोन वेळा मागून घेतली.

२९ जून, ब्लॅक हिल्स

तळावर येऊन आठवडा झाला. कोरीनशी बोललो, दोघेही, एकाच फोनवर. ती रडली आणि मग लगेच सूचना द्यायला लागली.

इथे गंमतच झालीय. पहिल्या संध्याकाळी डेल्मरने शेकोटीपाशी कुणाला तरी गुरांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत गुरं दुप्पट झाली होती आणि दरी पायाखाली आली होती. तेव्हापासून पुरुष एकेक करून येतात, खाकरतात आणि विचारतात, बाई, तुम्ही मागच्या गाडीला कुठला ब्रेक लावलात हो? मी त्यांना जीपखाली झोपवते आणि दाखवते. एक निवृत्त वैमानिक काल अर्धा तास माझ्या नळ्यांखाली पडून होता. त्याची बायको खुर्ची टाकून बघायला बसली, म्हणाली, "याला इतकं गप्प पहिल्यांदाच बघतेय."

डेल्मर जवळच सरपणाच्या गाड्यापाशी बसलेला असतो. "रांगेत या, रांगेत," म्हणतो. "गर्दी करू नका, बाईंना भूक लागली की त्या चिडतात."

आज थोडी वेगळी गोष्ट घडली. दुसऱ्या टोकाची एक मोठी जागा आमच्यासाठी रिकामी झाली आणि व्यवस्थापक म्हणाला, जीप जोडूनच तिकडे वळसा घालून या. मी जोडलं सगळं. पण इतक्या मुक्कामानंतर निव्वळ दिव्यावर माझा विश्वास बसेना. जीपमध्ये कुणीतरी बसून पायडल खरंच हलतो का ते बघायला हवं होतं. मी वैमानिकाला हाक मारणार, तेवढ्यात डेल्मर उठला.

"त्याला कशाला? मी आहे ना."

"डेल, ते बघायचं असतं."

"बघायचं नसतं. कळायचं असतं."

तो हाताने चाचपडत जीपच्या कडेकडेने गेला, दार उघडून आत बसला आणि वाकून तळहात पायडलवर ठेवला. मी पुढे माझ्या आसनावर चढले, खिडकी उघडली आणि हळूच पाय दाबला.

मागून आवाज आला, सगळ्या तळावर ऐकू जाईल असा, "धरलं!"

पाय सोडला.

"सोडलं!"

पुन्हा दाबला, जरा जोरात.

"धरलं! घट्ट धरलं!"

लोक तंबूंतून बाहेर येऊन बघायला लागले. वैमानिकाने टाळ्या वाजवल्या. खरं तर एकदा पुरे असतं. पण मी आणखी चार वेळा दाबला, निव्वळ ऐकण्यासाठी.